रुमाल टाकलेली जागा

रविवारी सकाळी देवाजींनी पंचशीलातलं चौथं शील मोडलं, आणि तेही घराच्या उंबऱ्यात, चपला घालता घालता.

"मी विहारात चाललो," त्यांनी पोरीला सांगितलं. "सभा हाय. दुपार होईन याले."

"सभा? आज?" प्रतिभानं आतून विचारलं.

"असते कधी कधी," देवाजी म्हणाले आणि रस्त्याला लागले. माणूस खोटं बोलला की त्याचे पाय आपोआप भरभर पडतात. देवाजींना तर या कामाचा सरावच नव्हता. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली, त्यात लोकांचं खोटं पकडणं हाच त्यांचा धंदा होता. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारे बाप त्यांनी किती पाहिले असतील, त्याला गणती नाही. आज मात्र चौसष्टाव्या वर्षी ते स्वतःच त्या बापांच्या ओळीत जाऊन उभे राहिले होते.

गोष्ट अशी होती. प्रतिभा आदिलाबादहून दूर, नार्नूरच्या शाळेत मास्तरीण. आठ महिन्यांपूर्वी उतनूरच्या रस्त्यावर एका लॉरीनं तिच्या स्कूटरला धक्का दिला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आई, पंचफुला, अपघाताच्या दोन वर्षं आधीच गेलेली. घरात बाप आणि लेक, दोघंच. या आठ महिन्यांत देवाजींनी पोरीला ताटावर बसवून वाढलं, तिचे केस विंचरायला शिकले, बनावट पायाचे पट्टे बांधायला शिकले. ती खुर्चीवरून उठायला लागली की हे तिच्या आधी उठत. ती भिंतीला हात लावायच्या आत यांचा हात पुढे असे. देवाजींना वाटायचं, बाप असावा तर असा. प्रतिभाला काय वाटायचं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आता सुटी संपली होती. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. "मीबी येतो नार्नूरले, तिथंच राहीन तुह्यासंगं," देवाजींनी जाहीर करून टाकलं. "मी एकटीच जाणार," प्रतिभा म्हणाली. तीन दिवस घरात भांडण झालं. म्हणजे मोठ्यानं नाही, भाकरी अर्धी टाकून उठण्याचं. चौथ्या दिवशी देवाजींनी एक अट घातली. तिथल्या खोलीसाठी महिन्याचं सामान तू एकटीनं आणून दाखव. स्कूटर काढ, बायपासवरच्या नव्या सुपरमार्केटात जा, गाडी लाव, सामान घे, बांध आणि घरी ये. जमलं तर सोमवारी एकटी जा, मी अडवणार नाही. नाही जमलं तर मी येणार.

"मंजूर," प्रतिभा म्हणाली. "पण तुमी माह्या मागं मागं यायचं नाही."

"नाही येत."

मागे मागे जायचं नाही असं ठरलं होतं. पुढे जायचं नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. ऑटोत बसून देवाजी स्वतःची हीच समजूत घालत होते, आणि समजूत काही नीट बसत नव्हती.

त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो गाडी लावण्याचा. प्रतिभाच्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवलेली. ती डाव्या अंगानं उतरते. आधी कुबडी टेकायची, मग बनावट पाय हातानं उचलून बाहेर काढायचा. त्याला बाजूला हातभर मोकळी जागा लागते. रविवारी त्या सुपरमार्केटपुढे मोटारसायकली अशा खेटून लावलेल्या असतात की मधून मांजर जाणार नाही. पायऱ्यांजवळ एक निळी चौकट आखलेली होती खरी, अपंगांसाठी राखीव. तिच्यात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं पांढरं चित्र. देवाजी शुक्रवारीच जाऊन बघून आले होते. चित्रातल्या माणसाच्या छातीवर एक मोटारसायकल उभी होती आणि डोक्यावर दुसरी.

आजही तसंच होतं. दोन पोरं मोटारसायकली लावून तिथंच बोलत उभी होती. देवाजींनी घसा साफ केला. "चला, चला, पुढे सरका! मधी उभं राहू नका, पुढे लई जागा हाय!" हा आवाज बत्तीस वर्षांत कमावलेला. त्या पोरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, मुकाट्यानं गाड्या ढकलत पुढे सरकली.

जागा मोकळी झाली. पण ती प्रतिभा येईपर्यंत मोकळी राहायची कशी? स्वतः उभं राहावं तर ती ओळखणार. वॉचमनला सांगावं तर तो गेटवर शिट्टी फुंकण्यात दंग. मग देवाजींनी तेच केलं जे त्यांना येत होतं. वाटेत बाजारातून एक नवा रुमाल घेतला होता, लाल चौकटींचा, कारण स्वतःच्या खांद्यावरचा पोरीनं दुरूनच ओळखला असता. तो झटकून त्यांनी निळ्या चौकटीच्या मधोमध नीट पसरला आणि वर एक वीट ठेवली.

आता हे वाचून हसायचं असेल तर हसून घ्या. पण आदिलाबादच्या बसमध्ये जो एकदा चढला असेल तो हसणार नाही. बस थांब्यावर लागायच्या आत खिडकीतून दस्ती, म्हणजे रुमाल, आत पडते आणि ती पडली की सीट झाली. पुढे मालक पाच मिनिटांनी येवो की पंधरा, त्या सीटवर कुणी बसत नाही. पहिलवान असो की पाटील, उभा राहून जाईल, पण दुसऱ्याची दस्ती उचलणार नाही. पाट्या लोक वाचत नाहीत, वाचल्या तरी मानत नाहीत. रुमाल मानतात.

आणि मानलाच. देवाजी गेटाजवळच्या शहाळ्याच्या गाडीआड उभे राहून पाहत होते. एक मोटारसायकल आली, रुमाल पाहून पुढे गेली. एक मोठी गाडी आली, तिनं जरा मान आत घातली आणि मागे घेतली. देवाजींची छाती फुगली. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून त्यांनी एक शहाळं घेतलं. मग दुसरं घेतलं.

साडेअकराला प्रतिभा आली. हेल्मेट घातलेलं, ओढणी पाठीशी गाठ मारून बांधलेली, तोंड घट्ट मिटलेलं. बायपासवरून कापसाच्या लॉऱ्या चाललेल्या आणि ती त्यांच्या बाजूनं स्कूटर चालवत आत आली. ती हळूहळू पायऱ्यांकडे गेली, निळ्या चौकटीपाशी थांबली.

बस, माय, बस. तुहीच जागा हाय, देवाजी मनात म्हणाले.

प्रतिभानं रुमालाकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. परत रुमालाकडे पाहिलं. आणि स्कूटर वळवून निघून गेली.

देवाजींच्या हे स्वप्नातसुद्धा नव्हतं. ही पोर कुणाची होती? लहानपणी सुटीच्या दिवशी बापाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून भैंशाला, बासरला जाऊन आलेली. एकदा सहा वर्षांची असताना खिडकीची सीट पाहिजे म्हणून कुणाची दस्ती उचलून बाजूला ठेवली होती, तेव्हा याच देवाजींनी सगळ्या बसदेखत तिला उठवलं होतं. दुसऱ्यानं धरलेली जागा ती आता कशी घेणार? ज्या बापानं शिकवलं त्यानंच रुमाल टाकला आणि जिच्यासाठी टाकला तिनं तो मानला. देवाजींनी कपाळावर हात मारून घेतला.

प्रतिभा मोटारसायकलींच्या रांगेपाशी गेली. तिथं जागा नव्हती. ती आणखी पुढे गेली, पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जिथं गिट्टीचा ढीग पडला होता. तिथं तिनं गाडी बंद केली. कुबडी काढली. टेकवली. पाय उचलला. पहिल्यांदा जमलं नाही. परत बसली, दम घेतला. दुसऱ्यांदा उतरली. मग गिट्टीवरून ती चालायला लागली, एक एक पाऊल जोखत. अर्ध्यावर कुबडीचं टोक खड्यावरून सटकलं आणि ती झुकली.

देवाजी धावले. चार पावलं धावले असतील, तेवढ्यात तिनं एका उभ्या ऑटोचा दांडा पकडला, तोल सावरला, कुबडी परत टेकवली. ओढणीनं तोंड पुसलं आणि चालायला लागली. तिनं मागे पाहिलं नाही. देवाजी हातात शहाळं घेऊन मैदानात उभे होते. जरा वेळानं ते परत गाडीआड गेले.

प्रतिभा पायऱ्यांपाशी पोचली आणि नेमकी त्याच वेळी एक पांढरी गाडी निळ्या चौकटीपुढे येऊन थांबली. चालवणारा तिशीतला माणूस खाली उतरला. त्यानं वीट पायानं सरकवली आणि रुमाल उचलून पायरीवर टाकला.

"ओ भाऊ!" प्रतिभा म्हणाली. "तो रुमाल काऊन उचलला?"

"तुमचा हाय का?"

"माहा नाही. कोणाचा तरी हाय ना."

"रुमालानं जागा धरायले ही काय बस हाय का, ताई?"

"बस असती तर एवढं बोलली नसती," प्रतिभा म्हणाली. "बसमधी जागा नाही भेटली तर माणूस उभ्यानं जाते. इथं नाही भेटली तर घरी वापस जा लागते. हे चित्र पाह्यलं तुमी? ज्यानं रुमाल ठेवला तो माह्यावानीच असन कोणी. लांबून आला असन, गाडी आणायले गेला असन. आता येईन तर काय पाहीन? तुमची गाडी!"

तिचा आवाज चढला होता. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. देवाजींनी आठ महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता. घरात ती हळू बोलायची, हो म्हणायची, राहू द्या म्हणायची. हा आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. स्वतःसाठी तिनं तो काढला नव्हता. जागा सोडून गपचूप भिंतीपाशी गेली होती. आणि आता कुठल्याशा अनोळखी माणसाच्या रुमालासाठी भर मैदानात भांडत होती. देवाजींना तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि लगेच आठवलं की तो अनोळखी माणूस म्हणजे आपणच.

गाडीची मागची काच खाली आली. आतून एका म्हातारीनं मान बाहेर काढली. "जीवन, काय झालं रे?"

"काही नाही माय, या ताई जागेचं म्हणून राह्यल्या," जीवन म्हणाला आणि प्रतिभाकडे वळून जरा मऊ आवाजात बोलला, "ताई, मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर घरात पडून हाय. आज म्हणे मले बाहेर ने, मी माह्या हातानं सामान घेतो. म्हणून लावत होतो इथं."

प्रतिभानं वाकून आत पाहिलं. म्हातारीच्या मांडीशी चार पायांची धरून चालायची घोडी होती. प्रतिभाचा सगळा राग उतरला.

"मावशी, मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मंग तुमचाच हक्क हाय. लावा भाऊ, लावा."

"नाही वो बाई," कुसुमबाई, म्हणजे त्या म्हाताऱ्या बाई, म्हणाल्या. "दस्ती पडली मंजे जागा गेली. जीवन, ठेव ती होती तशी."

"माय, पण..."

"ठेव मनलं ना! आमी का दुसऱ्याची जागा खाणारे हाओत? तिकडून कोणी लंगडत येईन आन मी इथं बसून राहू?"

जीवननं मुकाट्यानं रुमाल झटकला, चौकटीत पसरला आणि वर वीट ठेवली. कुसुमबाईंनी काचेतून बघून "जरा सरळ कर" म्हणून सांगितलं, तेही त्यानं केलं.

आता पाहा काय झालं ते. जागा मोकळी. जागेच्या एका बाजूला एका पायाची बाई, दुसऱ्या बाजूला ऑपरेशन झालेली बाई, दोघींनाही त्या जागेची गरज, आणि दोघी एका रुमालाचा मान राखून थांबलेल्या. "तुमी घ्या मावशी." "नाही बाई, तू घे, तुही गाडी आण." "नाही नाही, ज्याचा हाय तो येऊ द्या." मागे चार गाड्या अडकल्या, हॉर्न वाजायला लागले. वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला आणि रुमालाकडे बोट करून ओरडला, "ये रुमाल किसका है? रुमालवाला कौन है भई?"

देवाजींनी हा प्रश्न स्वतः किती वेळा ओरडून विचारला असेल. रुमाल टाकून टपरीवर चहा पीत बसणाऱ्या माणसांची त्यांना फार चीड होती. अशा माणसाला ते बसमध्ये चढल्यावर सगळ्यांपुढे धरून धुवायचे. आज तो माणूस शहाळं पीत उभा होता.

बाहेर यावं तर पोरीला दिलेला शब्द मोडला हे उघडं पडणार. अट मोडली म्हणून ती काय म्हणेल, परत कधी आपल्यावर विश्वास ठेवेल की नाही, कोण जाणे. नाही यावं तर त्या दोघी उन्हात ताटकळणार. देवाजींनी फार विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित पळून गेले असते.

"माहा हाय," ते म्हणाले आणि गर्दीतून पुढे आले. "रुमाल माहा हाय."

प्रतिभानं मान वर केली. तिचं तोंड उघडं राहिलं आणि मग हळूहळू मिटलं.

"तुमचा?" कुसुमबाईंनी त्यांना खालीवर न्याहाळलं. दोन्ही पाय शाबूत, हातात शहाळं, त्यात नळी. "वा काका! अपंगाची जागा धरून तुमी नारळ पिऊन राह्यले होते काय?"

"पोरीसाठी धरली होती."

"मंग कुठं हाय तुमची पोरगी?"

देवाजींनी शहाळ्यानंच प्रतिभाकडे दाखवलं.

कुसुमबाईंना समजायला क्षणभर लागलं. मग त्या हसायला लागल्या, इतकं की गुडघा दुखायला लागला आणि तरी थांबेनात. जीवन हसला. वॉचमनला मराठी फारसं कळत नव्हतं, पण तोही हसला. प्रतिभा हसली नाही.

"भाऊ, गाडी लावा," ती जीवनला म्हणाली. "माही गाडी लागली, तिकडं."

गाडी लागली. जीवननं आईला धरून उतरवलं. जाताना कुसुमबाई प्रतिभाच्या गालावरून हात फिरवून गेल्या. "बापाले जास्त बोलू नोको," एवढंच म्हणाल्या.

दोघं पायऱ्या चढून वर कडेला थांबले. देवाजी रुमालाची घडी घालत बसले. घडी संपली की मोडायचे आणि परत घालायचे.

"विहारात सभा होती ना?" प्रतिभानं विचारलं.

"नव्हती."

"कवापासून उभे हाय इथं?"

"दहा वाजल्यापासून."

"मंजे मी गिट्टीवर पडत होती तेबी पाह्यलं."

"पाह्यलं. मी पळालो होतो. पण तू पडलीच नाही."

प्रतिभा बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि देवाजींना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा, आठ महिन्यांत तुमी मले एकदाबी पडू नाही दिलं. पाय सरकला का तुमचा हात. मी पडली तर उठते कशी हे मलेच माहीत नाही. आज त्या ऑटोचा दांडा हातात आला तवा मले समजलं का माहा हात पोचते. एवढी खुशी झाली मले! तुमाले सांगीन म्हणत होती घरी येऊन." तिनं डोळे पुसले. "आता तुमी म्हणान, अट मोडली, परीक्षा झाली नाही. मंग येसान नार्नूरले."

ही पोर गेल्यावर ते घर देवाजींना खायला उठणार होतं. सकाळी उठून कुणाचे पट्टे बांधायचे, कुणासाठी भाकरी थापायची? आजवर ते म्हणत होते, प्रतिभाला माझी गरज आहे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता ते समोर आलं. तरी त्यांनी ते गिळलं.

"परीक्षा झाली," ते म्हणाले. "गाडी लावली, चालत आली, आन वरून भांडलीबी. अजून काय पाहिजे?"

प्रतिभानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सामान राह्यलं अजून," ती म्हणाली.

"ते तू घेशीन. मी थांबत नाही." देवाजींनी रुमाल खांद्यावर टाकला आणि निघायला वळले. तीन पायऱ्या उतरले, थांबले. "पोचली का फोन करजो."

"कुठं पोचली का? घर तर इथून पंधरा मिनिटांवर हाय."

"नार्नूरले," देवाजी म्हणाले. "सोमवारचं सांगून राह्यलो."

कुबडी भिंतीला टेकवून प्रतिभा बापाजवळ आली, दोन पायऱ्या, कशालाही न धरता. देवाजींचा हात सवयीनं पुढे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि ती येईपर्यंत तसेच उभे राहिले.